हळदीच्या घरातले मासे

फाल्गुन संपत आला की सांगलीला अजून हळदीचा वास येतो. बाजार आता आमच्या पेठेतून लांब गेला, बैलगाड्यांच्या जागी ट्रक आले, तरी वाऱ्याला कुणी हे सांगितलेलं दिसत नाही. तो जुन्या वाटेनंच येतो. सकाळी मी खिडकीच्या गजावरून बोट फिरवते, बोट पिवळं होतं आणि मला कळतं, हंगाम सुरू झाला. मग मी फडकं ओलं करून गज पुसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इतक्या वर्षांत ना हळद थकली, ना मी.

नेमका याच दिवसांत तुमचा फोन आला. मैत्रेयी म्हणाली, ‘आजी, आम्ही डिस्कस मासे घेतोय. ताटलीसारखे गोल असतात, अंगावर निळ्या रेघा. दुकानदार म्हणतो, फार नाजूक जात आहे.’ आणि मागून निनादचा आवाज आला, ‘अगं, आजीला काय विचारतेस? आपल्या घरात अंड्याचा केकसुद्धा चालत नव्हता!’

निनाद, तू लांब बसून हसलास ते ऐकू आलं. आता जरा नीट बस. तुझ्या आजीच्या आयुष्याचा निकाल एकदा सहा माशांवर येऊन ठेपला होता.

ते दिवस दुसरी मोठी लढाई नुकतीच संपल्यानंतरचे. आमचं घर पेठेत होतं. खाली अडतीचं दुकान, मागे हळदीची वखार, वर आम्ही राहायचो. सातारा, कऱ्हाड, पलूस, कुठून कुठून शेतकरी गाड्या भरून हळद आणायचे. पोती रिकामी झाली की दुकानासमोर पिवळे ढीग लागायचे आणि त्यांच्याभोवती व्यापारी उभे राहायचे. सौदा तोंडानं होत नसे. दोघं एकमेकांचे हात रुमालाखाली धरायचे, बोटं दाबून भाव सांगायचे, आणि चेहरा असा ठेवायचे की जणू दोघांचंही पोट दुखतंय. त्या घोळक्यात माझे आजोबा, आप्पा, शांत उभे असायचे. ते ढिगाच्या पोटात हात घालून एक हळकुंड काढायचे आणि कट्‌कन मोडायचे. आतला रंग बघायचे, मोडल्याचा आवाज ऐकायचे, बस्स. ‘वरचा रंग चोळून पण येतो,’ ते म्हणायचे, ‘आतला चोळून येत न्हाई.’

त्या वर्षी मी मॅट्रिकची परीक्षा दिली होती आणि मला कॉलेजात सायन्सला जायचं होतं. झाडं, पानं, पाण्यातले किडे, हे सगळं मला शाळेच्या भिंगाखाली दिसलं होतं आणि ते पुन्हा दिसावं यापलीकडे मला काही नको होतं. वडिलांची, अण्णांची, ना नव्हती. पण घरात शब्द आप्पांचा चाले.

‘तितं बेडूक फाडायला लावत्यात म्हणं,’ आप्पा म्हणाले. ‘पद्मू, आपण पाणीसुद्धा गाळून पितो.’

हे खरंच होतं. आमच्या घरात माझी आत्या पाण्याची मालकीण होती. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, बारीक, ताठ, आणि पाण्याच्या बाबतीत कुणाच्या बापाचं न ऐकणारी. विहिरीचं पाणी ती दुहेरी कापडातून गाळायची. मग ते गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हलकेच धुवायची आणि ते धुवण विहिरीत परत सोडायची. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यांच्या त्यांच्या पाण्यात परत गेले पाहिजेत. विहिरीचे विहिरीत, नदीचे नदीत. मंदिरातली पूजा एखाद्या दिवशी उशिरा होईल, पण आत्याचं हे चुकायचं नाही.

अशा घरातून बेडूक फाडायला मुलगी कशी पाठवायची? शिवाय आष्ट्याचं एक स्थळ येऊन गेलं होतं. त्या मंडळींनी मला चालायला लावलं, वेणी पुढे घ्यायला लावली, उजेडाच्या बाजूला बसवून रंग बघितला. मी काय वाचते ते कुणी विचारलं नाही. मुलगी पसंत होती, होकार तेवढा आमच्याकडून जायचा राहिला होता.

आणि त्यातच हवालदार आले.

हवालदार म्हणजे सातारा रोड स्टेशनाजवळच्या एका वाडीतले आमचे जुने शेतकरी. पलटणीतून नुकतेच सुटून आलेले, मिशा अजून परेडवर असल्यासारख्या. हळद उतरवून झाली, सौदा झाला, चहा आला, आणि ते आप्पांना सांगू लागले, की लढाईच्या काळात त्यांची पलटण कोचीनकडे होती, तिथल्या खाडीतले मासे ते एकदा रजेवर येताना तुपाच्या डब्यातून गावी घेऊन आले होते.

‘खायला?’ आप्पांनी कप खाली ठेवला.

‘आवं न्हाई वो आप्पा! बगायला. पिवळं हायत, तुमच्या ह्या ढिगावानी. बाजूला एक काळा ठिपका, डोळा तांबडा. शेतातल्या हौदात सोडलं, तर लय वाढलं की! पर औंदा हौद आटाय लागलाय. गुरांस्नी पाणी पुरंना. निम्मं विहिरीत सोडनार, बाकीचं...’ आणि त्यांनी हात आकाशाकडे केला.

मी जिन्यात उभी होते. हळदीच्या रंगाचे मासे! मी खाली आले आणि म्हणाले, ‘आप्पा, आपण आणू या ते. इथं जगवू या.’

आप्पांची मोठी पंचाईत झाली. जीव कोंडून ठेवणं पाप, आणि मरणाऱ्या जिवाला आसरा नाकारणं त्याहून मोठं पाप. ते बराच वेळ एक हळकुंड बोटांत फिरवत राहिले.

‘आण,’ ते शेवटी म्हणाले. ‘पण जीव आणलास की त्याचं जगणं-मरणं तुझ्या माथ्यावर. मॅट्रिकचा निकाल लागेल त्या दिवशी मी सोता मोजणार. सगळे असले तर तुझ्या कॉलेजचं बघू. एक जरी कमी भरला, तर आष्ट्याला होकार जाणार.’

‘आप्पा, मासेच ते,’ अण्णा मध्ये पडले.

‘भूपाल, मासेच ते म्हणणाऱ्याच्या पोरीला बेडूक फाडायला वेळ लागायचा न्हाई.’

हवालदार मिशीतून म्हणाले, ‘आयला, हिकडं तर कोर्ट मार्शलच लागलं की.’

मैत्रेयी, तू विचारलंस मासा निवडायचा कसा. मी कशी शिकले ते सांगते. पुस्तकातून थोडं, कारण शाळेच्या कपाटात मत्स्यपालनावरचं एक इंग्रजी पुस्तक होतं आणि ते मी दोनदा वाचून काढलं होतं. बाकीचं आमच्या दुकानाच्या पायरीवरून शिकले.

हवालदारांचा हौद वाडीबाहेर एका आंब्याखाली होता. पाणी गुडघ्याइतकं उरलं होतं, हिरवं, संथ. त्यात ते पिवळे मासे तळव्याएवढे, चपटे, गोल, जणू कुणी हळदीची पिकली पानं कातरून पाण्यात सोडली होती. ऊन आंब्यातून गळून खाली पडे आणि त्या ठिपक्यांत ते एकदम पेटल्यासारखे दिसत. मला आठवतं, अण्णासुद्धा ‘अरेच्चा!’ म्हणाले.

हवालदार सरळ हौदात उतरले, टोपलीनं एक भला मोठा मासा वर काढला. ‘ह्यो बगा! कसला पिवळाधमक! सगळ्यांचा सुभेदार हाय ह्यो. ह्योच न्या.’

रंग खरोखर दृष्ट लागावी असा. पण तो कोपऱ्यात एकटाच होता हे मी आधीच पाहिलं होतं. मी म्हटलं, ‘सोडा त्याला, हवालदार. आधी बसू या थोडं.’

मी काठावर बसले. हळकुंड मोडून बघता येतं, मासा मोडून बघता येत नाही. मग आतला रंग कळायचा कसा? मी भाकरीचा चुरा पाण्यावर टाकला आणि वाट पाहिली. काही मासे बाणासारखे आले. काही मागून आले. सुभेदार जागचा हलला नाही. जे आले त्यांच्याकडे मी बघत राहिले. डोळा स्वच्छ आहे का, की त्यावर धुकं आलंय? दोन्ही बाजूंचे कल्ले सारखे हलतात का, की एकच बाजू धापा टाकते? डोक्यामागे अंग भरलेलं आहे का, की तिथं खळगा पडलाय? पर आखडून धरलेत की पंख्यासारखे उघडे आहेत? दुसऱ्यानं ढोसलं तर पळतो की उलटा ढोसतो? तुमच्या डिस्कसलाही हेच लागू आहे. दुकानातल्या दिव्याखाली रंग कुणालाही चढतो. समोर खायला टाकायला सांगा आणि बघा पुढे कोण येतं.

हवालदार पाण्यात उभे राहून कंटाळले. ‘ताई, आवं, लग्नाची पोरगी बगाय आल्यावानी बगाय लागलाय की!’

‘हवालदार,’ मी म्हटलं, ‘मला असंच बघून गेलेत. पण मला कुणी भाकरी टाकून नाही बघितली.’

ते इतके मोठ्यानं हसले की सगळे मासे तळाशी गेले आणि मला पुन्हा वाट बघावी लागली. अण्णा मात्र हसले नाहीत. माझ्याकडे एकदा बघून त्यांनी नजर आंब्याकडे वळवली.

मी सहा निवडले. सगळे मधल्या आकाराचे, एकही दिमाखदार नाही, पण चुरा पडला की पहिल्यांदा येणारे. दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये निम्मं पाणी त्याच हौदातलं, वर निम्मी हवा, बाहेरून ओलं पोतं. निघताना हवालदारांनी खड्या मिठाची पुरचुंडी दिली. ‘खाऱ्या पाण्याच्या कडंची जात हाय. अदनंमदनं चिमूटभर टाकत जावा.’

सकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. डब्यात कऱ्हाडला चढलेला एक माणूस कॅनकडे बघत होता. ‘दूध का वो शेट?’ त्यानं विचारलं. अण्णांच्या कपाळावर घाम आला. कपाळाला गंध, पेठेतला जैन व्यापारी, आणि कॅनमध्ये मासे! ‘औषध हाय,’ अण्णा म्हणाले. तेवढ्यात आतून ‘चुबुक’ असा आवाज झाला. तो माणूस म्हणाला, ‘लय जालीम दिसतंय,’ आणि जरा सरकून बसला. अण्णांनी उभ्या आयुष्यात खोटं बोललेलं मी ऐकलं ते तेवढंच.

पेटी मी आधीच तयार करून घेतली होती. लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, दुकानातल्या जुन्या कपाटाच्या काचा, फटींना जवसाच्या तेलातली लांबी. ती पहिल्या दिवशी जिन्यावरून खाली दुकानात गळली आणि आप्पांच्या गादीवर थेंब पडले. पुन्हा लांबी भरली, पुन्हा पाणी, पुन्हा ओतून टाकलं, तेलाचा वास जाईपर्यंत. तळाला कृष्णेची धुतलेली वाळू, नदीतल्या चार वनस्पती, आणि आत्याचा फुटलेला पाटा. तो पाटा मी उकळत्या पाण्यानं घासून तिरका उभा केला, माशांना आडोसा म्हणून. आत्या म्हणाली, ‘माझ्या आईनं ह्याच्यावर वाटण वाटलं, मी वाटलं, आता मासे वाटणार.’

तिच्याशी पहिली लढाई पाण्यावरून झाली. घरातलं सगळं पाणी तांब्याच्या हंड्यात असे, चिंचेनं घासून आरशासारख्या चकचकीत केलेल्या. मी माशांसाठी मातीचा डेरा मागितला, कारण पुस्तकात लिहिलं होतं की तांबं माशांना सोसत नाही.

‘तांब्याच्या पाण्यानं कुणाला काय झालंय का आजवर?’ आत्या कडाडली.

‘माणसांना नाही, आत्या.’

‘मग हे काय तुमच्या इंग्रजी शाळेतनं आलेत?’

पण डेरा मिळाला. त्यात पाणी रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पेटीतलं थोडंच बदलायचं, सगळं कधीच नाही. आणि ते थोडं पाणीसुद्धा आत्या गाळून द्यायची. ‘त्यांनी काय म्हणून न गाळलेलं प्यायचं?’ म्हणायची. खाण्याचा प्रश्न अवघड होता. जिवंत किडे देणं आमच्या घरात शक्यच नव्हतं. उकडलेला पालक, भिजवलेल्या डाळीचं पीठ, भाताची शितं, भाकरीचा चुरा, आणि काचेवर उगवलेलं हिरवं शेवाळ. पुढची काच मी पुसत असे, मागची तशीच ठेवत असे. खाडीतले ते मासे शाकाहाराला लागले आणि गलेलठ्ठ झाले. आत्या त्यांना ‘आपली माणसं’ म्हणू लागली.

अशी ती माझी सुट्टी. बाहेर ऊन पांढरं झालेलं, कृष्णेच्या वाळवंटात कलिंगडाच्या वाड्या, दुपारी पेठेत फक्त माश्या आणि झोपलेले हमाल. आत, अंधाऱ्या थंड खोलीत, वाळ्याच्या पडद्याआड पिवळा उजेड हलतोय. मी त्या पेटीसमोर बसून जेवढं शिकले तेवढं नंतर कुठल्या वर्गात शिकले नाही. आप्पा खोलीच्या दारापर्यंत यायचे, आत यायचे नाहीत. दारातूनच मोजायचे. त्यांचे ओठ हललेले मला दिसायचे.

मग वैशाखातला तो दिवस आला. वखारीत मोठी भरणी चालू होती. हळद चाळणं, पोती शिवणं, सगळा दिवस पिवळा धुरळा. दुपारी मी खोलीत आले, तर सहाही मासे पाण्याच्या अगदी वर, तोंडं उघडून मिटत. एक तर आडवाच होत चालला होता. मी हात लावला तरी पळेना.

दारात आप्पा उभे होते. म्हणाले, ‘आजच मोजू का?’

मला रडू आलं नाही, कारण रडायला सवड नव्हती. पाणी स्वच्छ होतं. कालच बदललेलं. खाणं नेहमीचं. मग यांना होतंय काय? मी खाली वाकून पाण्याकडे बाजूनं, उजेडाच्या रेषेत पाहिलं. पाण्यावर साय धरली होती. दुधावर धरते तशी, पण पिवळी, सुकी, एकसंध.

आणि मला हरिपूरचं पेव आठवलं. हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे असतात, आत माणूस उभा राहील एवढे, ती पेवं. मी अण्णांबरोबर एकदा ते उघडताना बघितलं होतं. तोंड उघडलं तरी कुणी लगेच आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचे. ज्योत बारीक झाली, विझली, तर सगळे मागे सरायचे आणि म्हणायचे, ‘थांबा, पेवाला श्वास घेऊ द्या.’ वरून बंद राहिलं की आत हवा उरत नाही. माझ्या पेटीचंही पेव झालं होतं. हळदीनंच झाकण घातलं होतं.

‘आत्या, गाळणं दे!’ मी ओरडले. ‘लवकर! मोठं, दुहेरी!’

‘माशांच्या पाण्यात माझं गाळणं?’ आत्या धावत आली, आडव्या झालेल्या माशाकडे तिचं लक्ष गेलं, आणि तिनं खांद्यावरचं कापड माझ्या हातात दिलं.

ते कापड मी पाण्यावर हलकेच पसरलं आणि अलगद उचललं. पांढरं कापड पिवळं होऊन वर आलं. मागे पाण्याची एक मोकळी, काळी पट्टी चमकली. पुन्हा पसरलं, पुन्हा उचललं. मग मातीचं गाडगं उंच धरून डेऱ्यातलं पाणी बारीक धारेनं सोडत राहिले, म्हणजे वारा पाण्यात मिसळेल. आत्या पिवळं गाळणं हातात धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर मोठा पेच होता. गाळण्यावरचं ज्या पाण्यातलं त्याच पाण्यात परत गेलं पाहिजे, हा तिचा जन्माचा नेम. हे परत टाकायचं तर मासे मरणार.

आप्पाही तिच्याकडे बघत होते.

‘हळदीत कसला जीव?’ आत्या एकदम म्हणाली. ‘जीव खाली हाय.’ आणि परसातल्या केळीच्या बुंध्याशी जाऊन तिनं गाळणं धुतलं, पिळलं, परत आणून दिलं. ‘आणखी फिरव. कोपऱ्यात राहिलंय बघ.’

आधी दोघं-तिघं खाली गेले. मग दुसरे. आडवा झालेला मासा बराच वेळ तसाच होता. मी धार त्याच्या तोंडाजवळ धरून राहिले, खांदा भरून आला तरी. मग त्याचा पर हलला. तो कलला, सावरला, सरळ झाला, आणि पहिलं काम काय केलं असेल तर शेजाऱ्याला ढोसलं.

मागे वळून पाहिलं तर दारात कुणी नव्हतं. पण थोड्या वेळानं खालून आप्पांचा आवाज आला. हमालांना सांगत होते, ‘आजपासनं चाळणी मागच्या अंगणात. घराकडं धुरळा येता कामा न्हाई.’ पुढच्या सगळ्या हंगामात पेटीवर आत्याच्या गाळण्याचंच एक कापड चौकटीवर ताणून बसवलेलं असायचं.

त्यानंतर आणखी एक धास्ती. दोन मासे अचानक पोटाकडून काळवंडले आणि बाकीच्यांच्या अंगावर धावून जाऊ लागले. मला वाटलं, रोग. आत्याला वाटलं, भाऊबंदकी. पण ते खात होते, डोळे स्वच्छ होते, पर उघडे होते. मग मी पाहिलं, ती दोघं पाटा साफ करत होती, तोंडानं, कणकण, जणू उद्या घरात कार्य आहे. मी बाकीच्या चौघांना परसातल्या दगडी डोणीत हलवलं, कावळ्यांसाठी वर जाळी टाकली. दोन दिवसांत पाट्यावर मोहरीसारखी अंडी दिसली, ओळीनं, आणि एक जण सतत परांनी वारा घालतोय, दुसरा पहारा करतोय. आत्यानं त्या खोलीत मोठ्यानं बोलायला बंदी केली.

मी हे आप्पांना सांगितलं नाही. आत्यानंही नाही. का, ते माहीत नाही. चांगली बातमी पिकू द्यावी असं वाटलं असेल. पण मला एक काळजी लागली होती. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की पिल्लांना डोळ्यांना न दिसणारे जिवंत जीव खायला लागतात. तेच, जे आत्या रोज जपून विहिरीत परत सोडायची. ते मी कुठून देणार, आणि कुठल्या तोंडानं?

निकालाच्या दिवशी आभाळ दाटून आलं होतं. अण्णा शाळेतून घामाघूम होऊन आले. मी पहिल्या वर्गात पास झाले होते. पेढे आले, शेजारपाजारचे आले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, ‘चल. मोजू.’

डोणीत चार. त्यांनी बोटानं मोजले, मान हलवली. मग वरच्या खोलीत आले आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले, पेटीसमोर पाटावर बसले. मी कापड बाजूला केलं.

दोन पिवळे मासे शेजारी शेजारी स्थिर उभे होते. आणि त्यांच्याभोवती ढग होता. टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं, हलती, चमकती. ती आईच्या अंगाला जाऊन चिकटत, तिच्या कुशीवरचं काहीतरी टिपत आणि मागे सरत. मग दुसरी येत. तिनं अंग झाडलं की तो सगळा ढग बापाकडे जाई. तोही तसाच उभा राही, पर सैल सोडून. माशांच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो, तो तेव्हा दाट होतो, आणि पिल्लं तो खातात. पुस्तकात ही गोष्ट नव्हती. ती आधी पाहिली आम्ही तिघांनी, पेठेतल्या त्या खोलीत. मैत्रेयी, तुमचे डिस्कस याच कुळातले. त्यांची पिल्लं तर सुरुवातीला यावरच जगतात. आमची शेवाळावरही चरायची. माझी काळजी त्यांच्या आईबापांनीच मिटवली होती.

‘अंगावर पाजतीया,’ आत्या कुजबुजली.

आप्पा वाकले. बोट काचेजवळ नेलं. ओठ हलू लागले. थोडं मोजलं, तेवढ्यात ढग फिरला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा फिरला. हयातभर पोत्यांच्या थप्प्या नुसत्या नजरेनं मोजणारा माणूस काचेसमोर बोट धरून तिसऱ्यांदा एकापासून सुरुवात करत होता. खालून हाका येत होत्या, पेढे घ्यायला आप्पा कुठं गेले म्हणून.

‘आप्पा, खाली माणसं आलीत,’ अण्णा दारातून म्हणाले.

‘थांब रे. चुकवू नको.’

चौथ्यांदा चुकल्यावर त्यांनी बोट खाली घेतलं. बराच वेळ नुसते बघत बसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

‘भूपाल, माझा कोट काढ. टांगा बोलव.’

‘कुठं निघालात?’

‘कॉलेजात. आष्ट्याला कळव, पोरगी शिकतीय म्हणावं. आणि आत्याला पेढा दे आधी.’

आत्या पदर तोंडाला लावून उभी होती. पेढा हातात घेऊन ती म्हणाली, ‘बेडकाचं काय मग?’

‘बेडकाचं बेडूक बघून घेईल,’ आप्पा म्हणाले. (पुढे मी वनस्पतिशास्त्र घेतलं, आणि बेडूक सुखी राहिला.)

टांग्यात आप्पा आणि मी, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या होत चाललेल्या वखारी. हंगाम सरला होता. चाकांखाली सांडलेली हळद होती, घोड्याच्या खुरांनाही पिवळी कड आली होती. अर्ध्या वाटेवर आप्पा एकदम माझ्याकडे वळले.

‘एवढ्या हौदातनं हेच जोडपं कसं गं ओळखलंस?’

‘जोडपं नाही ओळखलं, आप्पा. भाकरी टाकली. जे भुकेनं पुढं आले, ते घेतले.’

आप्पांनी छत्रीची मूठ टांग्याच्या फळीवर आपटली आणि हसू लागले. टांगेवाल्यानं मागे वळून पाहिलं.

‘म्हणजे,’ ते म्हणाले, ‘न मोडता पण कळतं तर!’